वखारवाल्यांची मोटार आणि अकरावं कलम

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही पण कान मात्र इकडेच आहेत अशा समस्त ग्रामस्थांस कळवण्यात येते की, पूर्वीच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडल्या एका गावी, एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीवर सूड उगवला. सूड यथासांग पार पडला. त्यात रक्त सांडले नाही, कोर्टकचेरी झाली नाही, एकही शिवी दिली गेली नाही. हत्यार म्हणून एक मोटारगाडी आणि तिच्या खरेदीच्या कागदातील अकरावे कलम वापरण्यात आले. सूड घेणारी स्त्री मी. मला पश्चात्ताप झाला का, अशी पृच्छा काही सात्त्विक मंडळी अधूनमधून करतात. त्यांच्या माहितीसाठी, अद्याप झालेला नाही. झाल्यास कळवण्यात येईल.

आता साध्या भाषेत सांगते.

साठ सालानंतरची पहिली काही वर्षं. आमचे अप्पा गावातले एकुलते एक डॉक्टर. काशीदपासून कोर्लईपर्यंत सायकलवर फिरायचे, आणि सायकल जिथे जात नसे तिथे कुणाच्या तरी बैलगाडीतून. मी तेव्हा तेवीस वर्षांची. मुंबईला मावशीकडे राहून इंटरपर्यंत शिकले होते आणि परत येऊन दवाखान्यात पुड्या बांधत होते. गावात दुसरं मोठं घर वखारवाल्यांचं. आसपासच्या सगळ्या वाड्यांमधली सुपारी त्यांच्या वखारीत यायची आणि तिथून मचव्यानं मुंबईला जायची. त्यांना सगळे वखारवाले म्हणत आणि त्यांच्या पत्नीला वखारवाल्या काकू. त्यांना एकच मुलगा. दिसायला बरा, बोलायला भिजलेला पापड.

या पापडाशी माझं लग्न ठरलं होतं. बोलणी झाली, आमच्या ओटीवर चार माणसांसमक्ष सुपारी फुटली, माझी ओटी भरली गेली. आणि महिन्याभरात त्यांना मुंबईचं स्थळ सांगून आलं. मुलीच्या वडिलांच्या दादरला दोन इमारती. आता फुटलेली सुपारी परत सांधायची कशी? लोक नावं ठेवणार. तेव्हा काकूंनी एक शोध लावला. ओटी भरताना म्हणे त्यांनी माझ्या पाठीवर पांढरा डाग पाहिला. स्वतःच्या डोळ्यांनी.

डाग पहिल्या आठवड्यात चार आण्याएवढा होता. नारळी पौर्णिमेला तो बशीएवढा झाला. दिवाळीत शेजारच्या गावातून आईला कुणीतरी विचारलं की, अर्धी पाठ गेली असं ऐकलं, खरं का?

अप्पांनी यावर जे केलं ते फक्त आमचे अप्पाच करू जाणे. भर दवाखान्यात पंधरा-वीस रोग्यांसमोर त्यांनी शांतपणे सांगितलं, "डाग असता तरी काय बिघडलं असतं? तो लागत नाही, दुखत नाही. ज्यांना आहे तीही आपल्यासारखीच माणसं. उगीच बाऊ करू नये." शास्त्र म्हणून अगदी बरोबर. पण संध्याकाळपर्यंत गावभर झालं, "डॉक्टर स्वतःच म्हणाले."

त्यानंतर हळदीकुंकवाला बायका करंडा माझ्यापुढे जरा लांबूनच धरायच्या. तीन स्थळं फिरली. त्यातलं एक तर खाडी ओलांडून आलं होतं, धक्क्यावरच्या हॉटेलात चहा प्यायलं आणि तिथूनच मागे गेलं. आई रात्री उशीत तोंड घालून रडायची आणि सकाळी माझ्यावर चिडायची. मला तो मुलगा नको होता. लग्नही नको होतं म्हटलं तरी चालेल. मला एकच गोष्ट हवी होती. ज्या तोंडानं काकूंनी तो डाग जगात आणला, त्याच तोंडानं, चारचौघांत, मोठ्यानं, तो नव्हता असं म्हणायचं. याहून कमी मला चालणार नव्हतं आणि याहून जास्त मी मागत नव्हते.

आणि पुढच्या आषाढात एके दिवशी दुपारी वखारवाले आपण होऊन दवाखान्यात आले.

त्यांची अडचण अशी होती. मुंबईच्या व्याह्यांनी अट घातली होती. आमची मुलगी बैलगाडीत बसायची नाही. नवऱ्याच्या दारात मोटार उभी राहिली की मुहूर्त काढू, आणि नवरदेव लग्नाला त्याच मोटारीतून येईल. वखारवाल्यांची ऐपत होती. पण त्या काळी ऐपत असली म्हणून मोटार मिळत नसे. देशात गाड्या मूठभर बनायच्या आणि मागणारे पसाभर. पैसे भरून नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं नंबराची वाट पाहायची. वखारवाल्यांचा नंबर लागेपर्यंत त्यांच्या मुलाचे केस पिकले असते. डॉक्टरांना मात्र कामासाठी म्हणून सरकारी वाट्यातून गाडी लवकर मिळे.

मी पडद्यामागे पुड्या बांधत होते. बांधता बांधता थांबले.

"डॉक्टर, मागचं सगळं सोडून द्या," वखारवाले म्हणाले. "एका गावात राहायचं, तर असं धरून बसून कसं चालेल?"

"मी काही धरलेलं नाही," अप्पा म्हणाले. आणि ते खरंच होतं. आमच्या घरात धरून बसायचं काम मी एकटी करत होते.

"मग एक करा. नाव तुमचं लावा, पैसे सगळे माझे. तुम्ही फक्त सह्या करायच्या. गाडी आली की चावी माझ्या हातात. तुम्हाला तसदी नाही."

अप्पांना नाही म्हणता येत नसे. रोग्याच्या घरी वाईट बातमी सांगायची असली तरी ते "बघू या" म्हणत. इथेही ते "बघू या" म्हणाले, आणि वखारवाले हो समजून गेले.

पंधरा दिवसांनी गाडीच्या कंपनीचा खरेदीचा कागद टपालानं आला. चार पानं, बारीक छापील इंग्रजी. गावातले सगळे इंग्रजी कागद मीच वाचायची. हाही वाचला. पहिली दहा कलमं कंटाळवाणी होती. अकरावं मी तीनदा वाचलं. मग पाणी प्यायले आणि चौथ्यांदा वाचलं.

त्यात लिहिलं होतं की, गाडी ताब्यात घेतल्यापासून दोन वर्षं खरेदीदारानं ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, गहाण टाकायची नाही, कुणाच्या कायमच्या वापरासाठी हवाली करायची नाही. गाडी खरेदीदाराच्या पत्त्यावरच उभी राहील. हे मोडलं तर कंपनी गाडी परत घेईल आणि सरकार खटला भरील. गाड्यांचा काळाबाजार चालायचा, वाट्यातून घेतलेली गाडी दुसऱ्याच दिवशी दुप्पट भावानं विकली जायची, म्हणून ही तजवीज होती. कंपनीनं ती मुंबईच्या सट्टेबाजांसाठी केली होती. पण वाचताना मला वाटलं, कुणीतरी माझ्यासाठीच लिहून ठेवलीय.

"वाचलास का गं?" अप्पांनी विचारलं. त्यांच्या हातात टाक होता आणि बाहेर एक पोर कान दुखतो म्हणून रडत होतं.

"वाचला."

"काही विशेष?"

"सगळं छापीलच आहे, अप्पा. इथे सही करा. इथे. आणि इथे."

आजवर अप्पांना फसवलं असेल तर एवढंच. पण मी खोटं बोलले नव्हते. सगळं छापीलच होतं.

गाडी यायला सहा-सात महिने होते. ते मी वाया घालवले नाहीत. पेणला माझे मामा भाताच्या गिरणीचा ट्रक चालवायचे. आजी आजारी आहे असं सांगून मी पेणला गेले. आजी चांगली ठणठणीत होती आणि तिलाही हा बेत पसंत पडला. मामांनी मला खाडीच्या बांधावरच्या रस्त्यावर ट्रक शिकवला. एका अंगाला मिठागर, दुसऱ्या अंगाला चिखल. "चुकलीस तर खारट व्हायचं की काळं व्हायचं, एवढंच ठरवायचं," मामा म्हणायचे. ट्रक हाकणाऱ्या बाईला मोटार म्हणजे खेळणं. अलिबागला परवान्याच्या परीक्षेत साहेबांनी तीन वेळा विचारलं, लायसन नक्की कोणासाठी? तिसऱ्यांदा मी गाडी त्यांच्या टेबलाजवळच्या खिडकीला लागेपर्यंत उलटी आणून उभी केली. मग त्यांनी मुकाट्यानं शिक्का मारला.

माघात गाडी आली. कंपनीच्या दुकानाचा माणूस ती मुंबईहून रस्त्यानं घेऊन आला, रेवदंड्याला जंगारावर, म्हणजे जोडहोड्यांच्या तराफ्यावर, चढवून अलीकडे उतरवली आणि कागदावरच्या पत्त्याप्रमाणे आमच्या अंगणात आणून लावली. फिकट निळी, फुगऱ्या गालांची. सगळं गाव लोटलं. वखारवाल्या काकू नवं लुगडं नेसून, तबक घेऊन आमच्या अंगणात आल्या. लग्न मोडल्यावर पहिल्यांदाच. त्यांनी गाडीच्या नाकावर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं, ओवाळलं, चाकापुढे नारळ फोडला. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. वखारवाल्यांनी चावीसाठी हात पुढे केला.

"अप्पा," मी म्हटलं, "एक कलम वाचून दाखवायचं राहिलंय."

आणि मी ते वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत, सावकाश, मागच्या रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असं. हवाली करायची नाही, यावर मी जरा जास्त वेळ थांबले असेन. शेवटी दुकानाचा माणूस म्हणाला, "बाई बरोबर सांगतात. मागच्याच महिन्यात पुण्याच्या एकाची गाडी कंपनीनं ओढून नेली."

अप्पांचा चेहरा पडला. आपण कशावर सही केली हे त्यांना तेव्हा कळलं.

"मग देता येणार नाही," ते म्हणाले.

"अहो डॉक्टर, इथे खाडीपल्याड कोण बघतंय?"

"मी बघतोय," अप्पा म्हणाले.

वखारवाल्यांचा हात तसाच पुढे राहिला. अप्पांना त्यांची खरोखर दया आली. ते म्हणाले, "गाडी तुमच्या पैशांची आहे, मला मान्य आहे. दोन वर्षं झाली त्या दिवशी मी स्वतः तुमच्या दारात आणून लावीन. तोवर तुम्हाला कुठे जायचं असेल तेव्हा निरोप पाठवा. गाडी येईल."

"येईल कशी? चालवणार कोण?"

"मी," मी म्हटलं आणि दुकानाच्या माणसाच्या हातातून चावी घेतली.

वखारवाले त्या दिवशी तक्रार करण्याच्या खूप गोष्टी बोलले. पण तक्रार करणार कुठे? दुसऱ्याच्या नावावर गाडी घेतली हे त्यांनाच लिहून द्यावं लागलं असतं. मी त्यांना म्हटलंसुद्धा, "काका, अर्ज मी लिहून देते. माझं अक्षर चांगलं आहे." मग मीच अप्पांच्या सहीनं कंपनीला पत्र घातलं, एका परिचितांना गाडी कायमची वापरायला दिली तर चालेल का? कंपनीचं उत्तर आलं, कडक आणि लाल शाईत अधोरेखित. मी त्याखाली मोठ्या अक्षरात मराठी तर्जुमा लिहून त्याला चौकट करून दवाखान्यात डोळे तपासायच्या तक्त्याखाली टांगलं. ज्यांना तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत नसे तेही हे पत्र वाचून जात.

पुढचे तीन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे, असं मी माझ्या नवऱ्यासमोरही म्हणते.

गाडी आमच्या उंडीच्या झाडाखाली उभी असे. डॉक्टरांच्या कामासाठी म्हणून मिळालेली, तर ती डॉक्टरांच्या कामालाच लागली पाहिजे, असं अप्पांचं म्हणणं. त्यामुळे अडलेल्या बायका, विंचू चावलेले शेतकरी, पाय मोडलेले खलाशी, सगळे निळ्या गाडीतून दवाखान्यात येऊ लागले. एक मुलगी तर मागच्या बैठकीवरच जन्मली. वखारवाले बाळाला बघायला आले आणि बैठक बघून गेले. वाटेत कोळणी भेटल्या तर मी त्यांनाही घ्यायची, टोपल्यांसकट. सुक्या बोंबलांचा वास एकदा कापडात शिरला की तो कंपनीच्या कुठल्याच कलमानं बाहेर निघत नाही.

आणि काकूंचे निरोप येत. आज देवीला जायचंय, आज अमक्याकडे बोलावणं आहे. मी लगेच जायची. त्यांच्या दारात तीनदा हॉर्न वाजवायची, म्हणजे आळीतल्या सगळ्या खिडक्या उघडत. काकू नाकाला पदर लावून मागे बसत. मागे बसलं की पूर्ण वाटभर समोर दिसणार काय? माझी पाठ. मी त्यासाठी मागून खोल गळ्याची चार पोलकी खास शिवून घेतली होती. येताना-जाताना त्यांनी ती पाठ बघत बसायची. मला वाटलं, निदान गाव तरी बघेल आणि गप्प बसेल. पण गावाचं उत्तर तयार होतं. डाग खाली सरकलाय म्हणाले.

गंमत गंमत म्हणून मी सांगतेय, पण त्या वाक्यानं मला हरवलं. घरी येऊन मी आरशाला पाठ लावून उभी राहिले आणि मान दुखेपर्यंत बघत राहिले. नसलेली गोष्ट नाही हे दाखवायला किती कपडे काढायचे माणसानं? तेव्हा मला कळलं की पाठ दाखवून काही होणार नाही. काकूंच्याच तोंडून निघायला हवं.

वैशाखात मुहूर्त निघाला. अलिबागला, दुपारी साडेबाराचा. वखारवाल्यांनी मुंबईला कळवलं होतं की मोटार आली आहे. कुणाच्या नावावर आली आहे ते कळवलं नव्हतं. नवरदेवाला मी न्यायचं ठरलं, कारण दुसरा इलाज नव्हता. "नीट पोचव त्यांना," अप्पा म्हणाले. "शुभकार्य आहे." मी हो म्हटलं, आणि खरं सांगते, त्या सकाळी माझ्या मनात काही ठरलेलं नव्हतं. चोरीचा आळ नको म्हणून हेही आताच सांगते की दोन वर्षं पुरी झाली त्या दिवशी गाडी रीतसर वखारवाल्यांच्या नावावर गेली, अप्पा स्वतः बसून गेले होते. तर आता खाडीवर चला.

तिथे आता पूल होतो आहे. तेव्हा जंगार असे. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्या ठोकायच्या, फळ्यांवर गाडी चढवायची आणि वल्ही मारत पलीकडे न्यायची. हे सगळं भरतीवर. पाणी चढलेलं असतानाच जंगार रेवदंड्याच्या धक्क्याच्या उताराला भिडतो. ओहोटी लागली की होड्या खाली बसतात, मध्ये चिखल उघडा पडतो, आणि गाडी उतरवायची तर पुढच्या भरतीपर्यंत वाट बघायची.

वऱ्हाड होडीतून आधीच पलीकडे पोचलं होतं. सामोरे यायला मुलीकडचे मामा हार घेऊन धक्क्यावर उभे होते. त्यांच्या मागे एस्टीची वाट पाहणारी माणसं आणि पाट्या मांडून बसलेल्या कोळणी. मी गाडी घेऊन जंगारावर. मागे नवरदेव, फेटा, मुंडावळ्या, कोट. जंगार उताराला लागला. वाऱ्यानं मुंडावळ्या त्याच्या नाकात गेल्या होत्या आणि तो दोन्ही हातांनी फेटा धरून बसला होता. मला त्याची कीव आली. मी उतरले, मागचं दार उघडलं आणि त्या सरळ करायला हात पुढे केला.

धक्क्यावर वऱ्हाडातली एक म्हातारी आत्या उभी होती. ती काकूंना म्हणाली, "अगो, हीच ना ती? डागवाली?"

काकूंनी एकदा मामांकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. त्या क्षणी त्या गप्प बसल्या असत्या तर मीही गप्प बसले असते. पण त्या म्हणाल्या, "शिवू नकोस गं त्याला. शुभकार्याला निघालाय. तू आपली पुढे बस आणि गाडी हाक."

मी हात मागे घेतला.

"बरोबर आहे, काकू," मी म्हटलं. "डाग असलेल्या बाईनं नवरदेवाची गाडी हाकूच नये."

मी चावी काढली, फळीवरून धक्क्यावर आले आणि होड्या बांधायच्या दगडावर, एका कोळणीच्या पाटीशेजारी, जाऊन बसले.

थोडा वेळ कुणाला काही समजलं नाही. मग वखारवाले एस्टीच्या ड्रायव्हरकडे धावले. तो चहा पीत होता. "माझी सुटायची वेळ झाली," तो म्हणाला, "आणि त्या बाईच्या हातातली चावी तुम्ही आणा आधी." वखारवाले परत आले.

"काय गो बाय, गाडी बंद परली काय?" शेजारच्या कोळणीनं मला विचारलं.

"नाही मावशी, गाडी ठीक आहे. माझ्या पाठीत बिघाड आहे, असं ह्या म्हणतात."

"बघू तं." तिनं माशाच्या ओल्या हातानं माझा पदर बाजूला केला आणि सगळ्या धक्क्याला सांगितलं, "काय पन न्हाय. केलीच्या गाभ्यासारकी पाठ हाय."

"तुमची नजर नाही पोचायची, मावशी. काकूंनी पाहिलाय. स्वतःच्या डोळ्यांनी."

मामा हार हातात घेऊन पुढे आले. "काय भानगड आहे? तुमच्या ड्रायव्हर बाई का उतरल्या?"

"काही नाही, काही नाही," वखारवाले म्हणाले. "जरा दमल्यात."

"मी ड्रायव्हर नाही," मी मामांना नमस्कार करून म्हटलं. "मी गावातल्या डॉक्टरांची मुलगी. या गाडीच्या कागदात एक अकरावं कलम आहे, मला तोंडपाठ आहे. म्हणून दाखवू?"

"नको," वखारवाले म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. मग ते काकूंकडे वळले आणि नुसते बघत राहिले.

तेवढ्यात जंगाराचा तांडेल ओरडला, "बाय, पानी वसरतंय. आता न्हाय काढलीस तं गाडी सांजच्यापावत हितंच." खालच्या होडीचं एक टोक चिखलाला टेकलं होतं. निळी गाडी नवरदेवासकट हळूहळू एका बाजूला कलायला लागली होती. नवरदेव दाराची कडी धरून बसला होता.

मी उठले आणि काकूंच्या समोर जाऊन उभी राहिले.

"काकू, मला एवढंच सांगा. डाग डाव्या खांद्याखाली आहे की उजव्या? दोन वर्षं होत आली, मी आरशात शोधतेय. एवढं सांगा, मी गाडी काढते."

काकूंच्या कपाळावर घाम आला होता. आत्या त्यांच्याकडे बघत होती, मामा बघत होते, कोळणी मासे सोडून बघत होत्या. एस्टीच्या ड्रायव्हरनं चहाचा पेला खाली ठेवला. त्याची वेळ होऊन गेली होती, पण तो हलला नाही.

"उजव्या म्हटलंत तर उजव्या," मी म्हटलं. "मी इथेच सगळ्यांना दाखवते. डाव्या म्हटलंत तर तेही."

"आई," गाडीतून आवाज आला. माझ्याशी ठरलेलं लग्न मोडलं तेव्हासुद्धा जो तोंडातून शब्द काढू शकला नव्हता, तो नवरदेव बोलत होता. "आई, सांगून टाक ना. गाडी कलतेय."

गाडीखालची फळी कर्र वाजली. पाण्याची रेघ उतारावरून आणखी वीतभर खाली गेली. काकूंनी दोन्ही हात कानांवर ठेवले, डोळे घट्ट मिटले, आणि पलीकडच्या तीरावर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघालं,

"डागबिग काही नाही गं हिच्या अंगावर, कुठेसुद्धा नाही, मुंबईचं स्थळ आलं म्हणून मीच उठवलं होतं सगळं, आता घाल एकदाची ती मेली चावी!"